एक पीक वरून जाऊ द्या

१८ जानेवारी. काम : लेन आखणे. ठिकाण : आसगाव, सोमाजी भुरे यांची वरची बांधी. वेळ : दुपारी दोन ते पाच.

भाताच्या शेताच्या तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात आणि बांधाला धुरा. भात नोव्हेंबरमध्ये निघालं होतं आणि बांधीत लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, गुडघ्याखाली उभी होती. मी आणि दोन जवान बांबूच्या खुंट्या ठोकून त्यांना पांढरी फीत बांधत होतो. शेताच्या पोटात वीस डमी सुरुंग होते. प्लॅस्टिकचे, आत मेण, बारूद नाही. ते जूनमध्ये मी स्वतः पुरले होते. नकाशा सीलबंद पाकिटात, पाकीट माझ्या छातीच्या खिशात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता दिल्लीची समिती येणार होती. सुरुंग शोधणारं नवं यंत्र पास झालं तर प्रकल्प चालणार, नापास झालं तर बंद.

मी सैन्याच्या इंजिनिअर शाखेत होते. मेजर म्हणून निवृत्त झाले. गाव सानगडी, म्हणजे याच जिल्ह्यातली. ही माझ्या नोकरीच्या शेवटच्या दीड वर्षातली गोष्ट आहे.

सुरुंग शोधायचं जुनं यंत्र धातूवर चालतं. आजकालच्या सुरुंगात धातू नावाला असतो. म्हणून जमिनीच्या आत रडार सोडून पाहणारं नवं यंत्र बनत होतं. त्या प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. सरदेशमुख. पुण्याच्या, वय पंचावन्नच्या आसपास, बोलणं कमी, चष्मा कायम दोरीला. प्रयोगशाळेच्या वाळूत त्यांचं यंत्र एकही डमी सोडत नव्हतं. पुढची चाचणी सीमेजवळच्या भातशेतीत होती. जुने सुरुंग काढून झालेल्या एका पट्ट्यात डमी पुरून ते शोधायचे. माझी तुकडी मदतीला होती आणि यंत्र चालवणारा होता नाईक दिनेश भुरे, आसगावचा.

तीन आठवडे रोजचं काम एकच. सहाला चहा, सातला ब्रीफिंग, साडेसातला लेन. दिनेश हेडफोन रुमालाने पुसून घ्यायचा आणि यंत्र उचलायचा. डॉक्टर मॅडम फितीबाहेरून लॅपटॉप घेऊन चालायच्या आणि चिखलात बूट अडकून थांबायच्या. तिसऱ्या दिवशी दिनेशने त्यांना बूट काढायला लावले.

"पाय सपाट नका टाकू, मॅडम. आधी बोटं रोवा, मग टाच."

"हे तुम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात?"

"नाही जी. आईनं शिकवलं. रोवणीत."

रोवणी म्हणजे भाताची लावणी. मॅडम शिकल्या. संध्याकाळी त्या आकडे बघायच्या आणि दिनेश शेजारी बसून यंत्राच्या तक्रारी सांगायचा. यंत्राला तो "पोरगी" म्हणायचा. पोरगी आज रुसली होती, पोरगी आज चांगली बोलली. मॅडम ते जसंच्या तसं वहीत लिहून घ्यायच्या.

आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरमधली एक सकाळ. नऊ चाळीस. मी कंट्रोल पॉइंटवर होते.

"कंट्रोल, लेन थ्री. नंबर सेव्हन मार्क्ड. आगे बढ रहा हूँ. ओव्हर."

"लेन थ्री, रॉजर. आरामसे. आउट."

नऊ बेचाळीसला स्फोट झाला. तो डमी नव्हता. जुना, खरा सुरुंग होता. पावसाच्या पाण्याबरोबर वरच्या शेतातून सरकत साफ केलेल्या पट्ट्यात आला होता. यंत्र त्याच्यावरून गेलं होतं आणि वाजलं नव्हतं. दहा पाचला आम्ही दिनेशला बाहेर काढलं. दहा वीसला तुकडीच्या डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. तो एकोणतीस वर्षांचा होता.

चौकशी झाली. लेन नियमाप्रमाणे साफ केलेली होती आणि यंत्र अजून प्रायोगिक होतं. कोणावर ठपका आला नाही. शवपेटीबरोबर आसगावला मी आले.

मे महिन्यात डॉ. सरदेशमुखांचा फोन आला. "मला दिनेशच्या घरी जायचंय. यंत्र घेऊन. तुम्ही याल?"

मी विचारलं, "यंत्र कशाला?"

"त्याच्या शेतासारखी माती मला दुसरीकडे कुठे मिळणार?"

भुऱ्यांचं घर साधं, अंगण सारवलेलं. दिनेशचे वडील सोमाजी साठीचे. दिनेशची आई अनुसयाबाई दाराशी बसल्या होत्या. मॅडमनी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "दिनेशच्या हातात होतं ते यंत्र मी बनवलेलं. त्या दिवशी ते वाजायला हवं होतं. वाजलं नाही. मी आकडे शंभरदा पाहिलेत. चूक यंत्राची आहे, म्हणजे माझी."

मी त्यांना हे बोलू नका म्हणून सांगितलं होतं. चौकशीत जे नाही ते बोलू नये, असा नियम असतो. पण त्या माझ्या हाताखाली नव्हत्या.

सोमाजी म्हणाले, "तो फोनवर सांगे, बाबा, मशीन अजून शिकून राहिली."

"हो."

"मंग शिकवा तिले. आमच्याकडं कायले आले, रडाले?"

मॅडम रडत नव्हत्या. पण त्या खाली बसल्या आणि पाणी घेतलं.

दुसऱ्या दिवशी वरच्या बांधीत आम्ही चार डमी पुरले. वर टँकरचं पाणी सोडून चिखल केला. यंत्राने चारही शोधले. मॅडमच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. इथे सापडतात, मग तिथे का नाही, हे त्यांना कळत नव्हतं. सोमाजी धुऱ्यावर उकिडवे बसून बघत होते.

"बाई, एक विचारू का जी?"

"विचारा ना."

"तुम्ही खड्डा खणता. मंग डब्बा ठेवता. मंग मशीन म्हणते, सापडला. हे तं खड्डा ओळखून राहिली. डब्बा कुठी ओळखते?"

मॅडमनी चष्मा काढला.

सोमाजी हाताने दाखवत सांगू लागले. "नवा खड्डा मीबी आंधळा होऊन सांगीन, पायाले लागते. पण चिखलणी झाली, रोवणी झाली, चार महिने पाणी साचलं, का माती एक होऊन जाते. वरची खालची काही समजत नाही. तुमच्या सुरुंगावरून कितीक पिकं गेली असतील. हे डब्बे पुरा आन् एक पीक वरून जाऊ द्या. मंग शोधा म्हणा तिले."

मॅडमनी तिथेच चार खड्ड्यांच्या शेजारी चार रिकामे खड्डे खणायला लावले. नुसते खणून बुजवले. यंत्र चारही ठिकाणी वाजलं. दिनेशच्या लेनमधला सुरुंग मात्र खणून पुरलेला नव्हता, पाण्याबरोबर येऊन मातीत बसला होता.

पाच वर्षांचा प्रकल्प, तीस माणसं, आणि सगळ्यांनी यंत्राला खणलेली माती ओळखायला शिकवलं होतं. वाळू असो की चिखल, पुरायचं म्हणजे खणायचं आणि लगेच तपासायचं, हीच त्यांची कामाची पद्धत. तिच्यात कोणाला चूक दिसली नव्हती. मलाही नाही, आणि मी भातवाल्यांच्या गावची.

समितीची बैठक जूनमध्ये ठरलेली होती. मॅडमनी धुऱ्यावरूनच दिल्लीला फोन लावला. मी शेजारी होते.

"सर, मुदत हवी. जानेवारीपर्यंत." थोडा वेळ ऐकत राहिल्या. "नाही सर, पैसा नको. पाऊस हवा." पुन्हा ऐकलं. "हो. तेव्हा नापास झालं तर मी स्वतः बंद करा म्हणून लिहून देईन."

जूनमध्ये दोन बांध्यांत डमी पुरले. एक बांधी यंत्राला शिकवण्यासाठी, दुसरी परीक्षेसाठी. परीक्षेच्या बांधीचा नकाशा फक्त माझ्याकडे. जुलैत रोवणी झाली. रोवणाऱ्या बायांना खाली काय आहे ते सांगावंच लागलं. एक ठणठणीत म्हातारी पऱ्ह्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, पेंढी सोडत म्हणाली, "सुरुंगावरचा तांदूळ खाल्ला तं पोटात फुटन का जी?"

दुसरी म्हणाली, "तुझ्या पोटात काय फुटते? तुझं तं तोंड फुटते दिवसभर."

सगळ्या हसल्या. मॅडमही, मे महिन्यापासून पहिल्यांदा. त्या दिवशी त्यांनी दोन ओळी रोवल्या. वाकड्या आल्या. अनुसयाबाईंनी काही न बोलता मागून सरळ केल्या.

डिसेंबरच्या सुरुवातीला शिकवायच्या बांधीत पहिली तपासणी झाली. दहापैकी तीन. मॅडमनी आकडा दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "हा खरा आकडा." त्यानंतर सहा आठवडे त्या आणि त्यांची दोन माणसं भुऱ्यांच्या पडवीत राहिली. सकाळी बांधी, दुपारी आकडे, संध्याकाळी पुन्हा बांधी. दहाला दहा येऊ लागले, तेव्हा त्यांनी समितीला तारीख कळवली.

१९ जानेवारी. समितीचे अध्यक्ष एक ब्रिगेडियर होते. स्पष्ट बोलणारे, माणूस सरळ. दहा पाचला चाचणी सुरू झाली. यंत्र हवालदार यादवच्या हातात होतं. जिथे वाजलं तिथे लाल झेंडीची खुंटी. साडेबाराला शेवटची लेन संपली. एकोणीस झेंड्या.

मी पाकीट फोडलं. एकोणीसच्या एकोणीस झेंड्या नकाशावर बरोबर बसत होत्या. नंबर चौदा नव्हता. मी त्या जागी गुडघ्यावर बसून प्रॉडर घातला. लांब सळई असते, तिरपी घालायची, बोटांना जाणवतं. काही लागलं नाही. खणलं. कोपरापर्यंत हात गेला. नुसती माती.

ब्रिगेडियर म्हणाले, "मेजर, डमी जागेवर नाही, तर मशीन वाजणार कशी? मशीन चुकलेली नाही. मी पास लिहितो. चौदा नंबर कुठे गेला, तो तुमच्या स्टोअरचा प्रश्न."

सगळे मोकळे झाले. कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "नको सर."

"नको?"

"त्या नोव्हेंबरमध्ये दिनेशची लेनही साफच होती, सर. कागदावर."

ब्रिगेडियरना ती केस माहीत होती. त्यांनी घड्याळ पाहिलं. "बॅटरी किती आहे?"

यादव म्हणाला, "बाईस परसेंट, सर."

"बॅटरी संपेपर्यंत. न सापडल्यास तसं लिहावं लागेल, मॅडम."

मॅडमनी मान डोलावली. पण शोधायचं कुठे? मी सोमाजींकडे वळले. "बाबा, या बांधीत पावसाळ्यात काही झालं होतं?"

"काय होणार जी? धुरा फुटला होता एक डाव, पोळ्याच्या आधी."

"फुटला होता? मग सांगितलं काहून नाही?"

"सांगाचं काय त्याच्यात? फुटला, बांधला. धुरा फुटतच असते." मग ते एकदम थांबले. माझ्याकडे पाहिलं, मग खालच्या बांधीकडे. खालची बांधी दोन हात उतरून, तिच्या टोकाला बोडी, म्हणजे लहान तळं. त्यामुळे तिथे जानेवारीतही चिखल असतो. "पाणी तिकडंच गेलं," ते म्हणाले, पण आवाज बदलला होता. दिनेशच्या लेनमधला सुरुंगही असाच वरच्या शेतातून आला होता.

मॅडमनी बूट काढले. यादवच्या हातातून यंत्र घेतलं आणि हेडफोन रुमालाने पुसला. यंत्र फक्त जवानाने चालवायचं, हा नियम मी सांगितला नाही. फक्त वायरलेसचा हँडसेट त्यांच्या खांद्याला अडकवला.

धुरा जिथे नवा बांधला होता तिथून त्या खाली उतरल्या. आधी बोटं, मग टाच. डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. एक पाऊल. धुऱ्यावर पंधरा माणसं होती. यादव लॅपटॉपवर बघून हळू आवाजात बॅटरी मोजत होता. चौदा. अकरा. नऊ. मॅडम एकदा थांबल्या, पाणी कसं पसरलं असेल ते पाहिलं आणि बोडीच्या बाजूला वळल्या.

एक वाजून चाळीस मिनिटांनी हँडसेटवर आवाज आला. कॉल साइन नाही, ओव्हर नाही.

"मेजर, वाजलं."

मी खाली उतरले. गुडघ्यावर बसले, प्रॉडर तिरपा घातला. वीतभर खाली बोटांना अडथळा लागला. कडक, गुळगुळीत. हातांनी चिखल बाजूला केला. प्लॅस्टिकवर माझ्याच अक्षरात १४ लिहिलेलं होतं.

"मिळाला," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच निघालं.

ब्रिगेडियरनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि कागदावर सही केली. मॅडम यंत्र छातीशी धरून चिखलात उभ्याच होत्या. सोमाजी त्यांच्याजवळ गेले.

"शिकली जी पोरगी," ते म्हणाले.

अंगणात अनुसयाबाई पाण्याचा गुंड घेऊन उभ्या होत्या. मॅडमच्या पायांवर पाणी ओतायला त्या वाकल्या, तशा मॅडम मागे सरकल्या. "अहो, हे काय? मी धुते."

"राहू द्या जी. दिनेशबी असाच घरी याचा. चिखलात भरून." त्यांनी पाय धुतले, पदराने पुसले आणि मग आत जाऊन चुलीपाशी बसल्या. मॅडम त्यांच्या मागे गेल्या. मी बाहेर थांबले. जवानांचं जेवण व्हायचं होतं.

ते यंत्र आता तुकड्यांकडे जायला लागलं आहे. त्याला भलंमोठं इंग्रजी नाव आहे. आमच्या जुन्या तुकडीत अजून पोरगीच म्हणतात, असं यादव फोनवर सांगतो.

२० जानेवारी. सकाळी साडेसहाला मी बांधीत गेले. लाखोळीवर दव होतं. फिती गुंडाळल्या, खड्डे बुजवले, लेनच्या खुंट्या उपटल्या आणि एकोणीस झेंड्या गोळा केल्या. विसावी खालच्या बांधीत होती. तिथे सोमाजी आधीच येऊन बसले होते. मी खुंटीला हात घातला, तेव्हा म्हणाले, "ही राहू द्या, बाई. इथंच."

बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या स्टोअरमध्ये एक खिळाही कमी निघाला नव्हता. मी खुंटी सोडली, चिखलात नीट बसावी म्हणून दगडाने दोन ठोके दिले आणि स्टोअरच्या वहीत लिहिलं : लाल झेंडीची खुंटी, एक. नाईक दिनेश भुरे यांच्याकडे.