परत आलेली पाळी

माझी पाळी जायला लागली तेव्हा अंगातून अशा वाफा निघायच्या की नांदेडच्या शाळेत शिकवता शिकवता मी पोरांच्याच वह्यांनी वारा घ्यायची. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या आणि किनवटच्या एका वैदूची पुडीही. आराम कशानं पडला देव जाणे, पण श्रेय मी पुडीला दिलं. गोळ्यांचं वैदूला सांगितलं नाही, पुडीचं डॉक्टरांना. आमच्याकडे बहुतेक जणी असंच दोघांचं मन राखतात.

माझ्या थोरल्या जाऊबाई जळकोटला असतात. त्यांची पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं, तरी घामानं जीव नकोसा झालेला. मोठ्या शहाणपणानं मीच पुडी नेऊन दिली. महिन्याभरात फोन आला, आवाज लाजरा. "अगं, मी बाहेर बसले! तुझ्या पुडीनं मला पोरगीच करून टाकलं की!" आम्ही दोघी पोट धरून हसलो. चार दिवस त्या देवघरापासून लांब राहिल्या, पाचव्या दिवशी न्हाल्या. पंधरा दिवसांत परत तेच झालं, तेव्हा मात्र मी घाबरले.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुसरं काही औषध घेता?"

"न्हाई," जाऊबाई म्हणाल्या. मला सांभाळून घेत होत्या. माझी मलाच अशी चीड आली की पर्समधली पुडी मी टेबलावर आपटलीच.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "यानं झालं असेल, नसेलही. सध्या बंद करा. पण वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर त्याला पाळी समजायचं नाही. आधी कॅन्सर नाही ना, ते बघायचं."

तपासणीत गर्भपिशवीत छोटी गाठ दिसली, ती काढून तपासायला पाठवली. आठवड्यानं रिपोर्ट आला. गाठ साधी निघाली. घामावरही नीट औषध मिळालं. दवाखान्याच्या पायरीवर मी हमसून हमसून रडले आणि जाऊबाईच मला पाणी पाजत राहिल्या.

"आक्का, माफ करा."

"पुडी तूच दिली, हितं बी तूच आणलं. झालं फिटंफाट." मग त्यांचा चेहरा एकदम उतरला. "पण त्यातली अर्धी मी शेजारणीला दिली गं. तिचं बी बंद झालं होतं. आता ती बी बाहेर बसून राहिली, लई खुशीत हाय."

जळकोटला उतरल्यावर आम्ही घरी गेलोच नाही. आधी शेजारणीची कडी वाजवली.