जीपच्या पुढे गेलेलं चाक

ते चाक मला आजही आठवतं, कारण आमची जीप चालू असताना ते आमच्या पुढे निघून गेलं होतं.

साठच्या दशकाची सुरुवात होती. मी पैनगंगेच्या काठच्या एका ठाण्यात फौजदार होतो. पुरात अडकलेली माणसं काढण्यासाठी सरकारने आमच्या ठाण्याला एक लाकडी नाव आणि ती वाहून न्यायला दोन चाकांचा लोखंडी ट्रेलर दिला होता. पावसाळ्याआधी वरिष्ठ साहेबांसमोर त्याची तालीम ठरली. जीपमागे ट्रेलर, ट्रेलरवर नाव, असे आम्ही साहेबांना जीपमध्ये घेऊन ढाणकीच्या रस्त्याने मोठ्या थाटात निघालो. अर्ध्या वाटेत मागून करकर आवाज आला, धूर निघाला आणि डावं चाक निखळून जीपच्या बाजूने पुढे पळालं. शेवटी ते कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगात घुसून थांबलं. नाव रस्त्यावर कलंडली. मोठे साहेब उतरले, चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पूर आपल्यासाठी थांबत नसतो, फौजदार."

मिस्त्रीला ठाण्यात बोलावून चाक खोललं. चाकाच्या मधल्या ज्या पोकळ भागात बेअरिंग बसतं, त्याला आमच्याकडे बैलगाडीच्या सवयीने तुंबाच म्हणत. त्या तुंब्यातून वंगणाऐवजी पातळ पिठल्यासारखं काहीतरी बाहेर आलं. बेअरिंग गंजून त्याचे तुकडे झाले होते. दुसऱ्या चाकाची तीच गत.

"साहेब, याच्यात पानी गेलं," मिस्त्री म्हणाला. "अन् एक डाव नाही, लय डाव गेलं."

"मंग मुद्दाम ओतलं कोनीतरी!" आमचे जमादार गरजले.

हे जमादार म्हणजे ठाण्यातले सर्वांत जुने हवालदार. घरची शेती, दारात बैलगाडी, आवाज असा की आरोपीच्या आधी शिपाईच दचकायचे. ट्रेलर त्यांच्या ताब्यात होता आणि त्यावर त्यांचा फार जीव. रोज फडक्याने पुसायचे. त्यावर कोंबडी बसली तरी तिच्या मालकाला दम द्यायचे. त्यामुळे हा घातपात त्यांना स्वतःच्या अंगावरच्या वारासारखा झोंबला.

बाजाराच्या दिवशी चहावाल्याकडून खबर आली. घाटावर डोंगा चालवणाऱ्या नावाड्याला ट्रेलरच्या चाकात हात घालताना कोणीतरी पाहिलं होतं. कारणही जुळत होतं. सरकारी नाव आल्यावर आपल्या डोंग्याला कोण विचारणार, असं तो चारचौघांत बोलला होता. सरकारी मालाची नासधूस सिद्ध झाली असती तर गुन्हा दाखल झालाच असता, शिवाय घाटावर डोंगा चालवण्याची त्याची परवानगीही गेली असती. तहसिलीतून आमचा अभिप्राय मागवलाही होता. नदी सोडून त्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं.

त्याला ठाण्यात आणलं. मिस्त्रीलाही बोलावून घेतलं होतं. किडकिडीत, पन्नाशीचा माणूस. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, घाटावरून तसाच उठून आलेला. चौकशी जमादारांनी हट्टाने स्वतःकडे घेतली.

"काबे, ट्रेलरच्या चाकाले हात लावला का नाही?"

"लावला साहेब, पन..."

"बस! लावला म्हन्ते. लिहून घ्या, साहेब."

"साहेब, माह्यं आयका त..."

"तुंब्याच्या आतमंदी बोट घातलं का नाही?"

"घातलं साहेब, पन..."

"झालं! कबूल!"

जमादारांचा चेहरा असा फुलला होता की जणू दरोडेखोरांची टोळीच हाती लागली असावी. मला मात्र काहीतरी खटकत होतं. खोटं बोलणारा माणूस आधी 'नाही' म्हणतो आणि मग त्या 'नाही'भोवती कुंपण घालत बसतो. हा पठ्ठ्या प्रत्येक प्रश्नाला सरळ 'हो' म्हणत होता आणि त्याचं पुढचं वाक्य मात्र दर वेळी घशातच राहत होतं.

"जमादार, जरा बसा," मी म्हणालो. "याचं 'पण' मला ऐकू द्या. हं, बोल बाबा. पण काय?"

नावाड्याने कपाळावरचा घाम पुसला. "साहेब, म्या सकाळी डोंगा सोडाले गेलतो. ट्रेलर पान्यात उभा होता, तुंबा बुडेपर्यंत. पान्यावर तेलाचा तवंग येऊन राह्यलता. मले वाटलं, सरकारी मालातून काही गळून राह्यलं. मनून हात लावून पाह्यलं. बस, येवढंच."

"ट्रेलर पाण्यात? पाण्यात कोणी नेला?"

"मीच नेला ना, साहेब!" मागून जमादार मोठ्या अभिमानाने म्हणाले. "दर आठ दिवसानं नेतो. उन्हायात चाक खिळखिळं नाही होत का? रातभर भिजवलं का कसं घट्ट बसते!"

लाकडी चाक उन्हात आटतं, त्यावरची लोखंडी धाव सैल होते, म्हणून उन्हाळ्यात घरोघरी गाडीची चाकं डोहात भिजत घालतात. ते लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट बसते. जमादारांनी बापजाद्यांची गाडी जशी सांभाळली, तसाच सरकारचा ट्रेलर जीव लावून सांभाळला होता. फक्त तो ट्रेलर लोखंडाचा होता.

मी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि फसलो. मिस्त्री तर पोट धरून बाहेरच पळाला. जमादार आमच्याकडे आळीपाळीने पाहत राहिले. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं आणि तो मोठा आवाज एकदम बारीक झाला.

"म्हंजे साहेब... मीच का?"

"तुम्हीच, जमादार."

ते उठले, नावाड्यापुढे उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "चुकलं बाप्पा माह्यं. तुले बोलूच नाही देलं मी."

"जाऊ द्या, जमादार भाऊ," नावाडी म्हणाला. "पन आता चहा त पाजा."

त्याच दिवशी मी अहवाल लिहिला. नावाडी निर्दोष, चाकं गैरसमजुतीने खराब झाली, डोंग्याची परवानगी चालू ठेवण्यास हरकत नाही. मिस्त्रीने नवीन बेअरिंग आणि सील बसवले, ताजं ग्रीस भरलं आणि जमादारांना बजावलं की धावून तापलेला तुंबा लगेच पाण्यात घालायचा नाही, तापलेला तुंबा एकदम थंड झाला की पाणी आत ओढून घेतो. तो निवू द्यायचा. नाव सोडताना तुंबे पाण्याच्या वरच ठेवायचे. चुकून बुडाले तर खोलून पुसायचे आणि ग्रीस बदलायचं. जमादारांनी हे इतकं मनावर घेतलं की पुढच्या प्रत्येक तालमीत काठावर पोहोचताच ते तुंब्यावर उलटा हात ठेवून आम्हा सगळ्यांना थांबवून ठेवायचे. कुणी घाई केली तर त्यालाच दम.

त्याच पावसाळ्यात पैनगंगा फुगली. पलीकडच्या वस्तीतली माणसं एका उंचवट्यावर अडकली, बायका हाका मारत होत्या. आम्ही ट्रेलर घेऊन सुसाट घाटावर आलो. दोन्ही चाकं शाबूत होती. वल्ह्यावर बसायला नावाडी आपणहून आला, कारण त्या पाण्याची खोड त्याच्याइतकी कोणालाच माहीत नव्हती. जमादार सवयीने तुंब्यावर हात ठेवायला वाकले. माझा जीव टांगणीला लागला. आता हे थांबा म्हणतात की काय!

त्यांनी हात लावला, चटका बसला तसा झटकला आणि ओरडले, "ढकला पान्यात! तुंबे उद्या खोलू!"

त्या दिवशी सगळी माणसं सुखरूप अलीकडे आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या आवारात पाहतो तर जमादार आणि नावाडी समोरासमोर उकिडवे बसून एकेक तुंबा पुसून त्यात ग्रीस भरत होते. नावाडी काहीतरी सांगत होता. जमादारांनी मध्येच तोंड उघडलं, पण माझ्याकडे लक्ष जाताच ते मिटलं आणि त्याला म्हणाले, "हं, पन काय? बोल पुढं."

पुढच्या सगळ्या नोकरीत मी शेकडो माणसांची चौकशी केली. समोरचा 'हो' म्हणाला की कितीही घाई असली तरी मी लेखणी खाली ठेवायचो आणि जमादारांचंच वाक्य म्हणायचो, "हं, पन काय? बोल पुढं."