भामा धवलारणीच्या यकृतातली गाठ

ओवे गावच्या भामाचा आवाज मांडवात चढला, की डीजेवाला आपण होऊन गप्प बसायचा. भामा धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर, आधी धवलारणीची गाणी, म्हणजे धवले. आणि तिनं पाळीत गायचं नाही, हे तर पोरासोरांनाही ठाऊक! म्हणून लग्नसराई आली, की भामा पाळी लांबवायच्या हॉर्मोनच्या गोळ्या सुरू करायची, महिनोन्महिने. मेडिकलवाला देतो, आपण घेतो; त्यात विचारायचं काय? वर्षानुवर्षं असंच चाललं.

मग सोनोग्राफीत यकृतात लिंबाएवढी गाठ निघाली. एमआरआयनंही नीट उलगडेना, म्हणून सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवला. "काही गोळ्या घेता?" डॉक्टर जास्मीननी विचारलं, तर बाई बिनदिक्कत "नाय" म्हणाली. लाज, दुसरं काय!

रिपोर्टच्या दिवशी ती पुन्हा डॉक्टरांसमोर बसली.

"कॅन्सर नाही, भामाताई," डॉक्टर म्हणाल्या. "पेशी यकृताच्याच आहेत, फक्त चरबीनं फुगल्यात. चरबी हाताळणारं त्यांचं एक प्रथिन हरवलंय. पित्त वाहून न्यायच्या नळ्याही गाठीत नाहीत. पण पेशींची केंद्रकं साधी आहेत, कर्करोगाकडे ढकलणारं बीटा-कॅटेनिन हे प्रथिन त्यांत शिरलेलं नाही. मात्र अशी गाठ हॉर्मोनवर पोसते. आता खरं सांगा."

भामानं सांगून टाकलं.

"आजपासून बंद. गाठ फुटली तर जिवावर बेतेल. गोळ्या सोडल्यात तर बहुधा आक्रसेल."

हायसं वाटावं, तर तिला दुसराच घोर. बहिणीच्या लेकीची, मोनालीची हळद तोंडावर आलेली! तरी तिनं गोळ्या सोडल्या. व्हायचं तेच झालं, पाळी आली. हळदीच्या सकाळी ती सखूबाईकडे गेली. धवले तिनंच शिकवलेले.

"आये, मी बाजूला बसलेय. आज तू गा."

म्हातारी खुदकन हसली. "अगो, माजा जलम गेला गाण्यात. मी काय कवा बाजूला बसलेच नसेन? तरी पदर खोचायची नि गायची. सांगतो कोन?"

"मंग मला का नाय सांगितलंस?" भामा कडाडली. "सगलं शिकवलंस, नि येवढंच पोटात ठेवलंस?"

"भ्यायले गो. मलापन कोनी नाय सांगितलं."

भामाला रडू कोसळलं. रागाचंच होतं ते. तशीच ती तरातरा मांडवात आली आणि चार बायांच्या देखत मोनालीसमोर उभी राहिली.

"मला पाळी आलीय. गाऊ का जाऊ?"

 

"मावशी, बस ना," मोनाली म्हणाली. "तुझ्याशिवाय मी हळद लावून घेणार नाय."