काच धुवायची बरणी

मोटारीच्या काचेवर पाण्याच्या चिळकांड्या उडताना दिसल्या की ती घटना आजही आठवते आणि तोंड कडू होतं. आता त्या चिळकांड्या साध्या गाड्यांनाही असतात. आमच्या वेळी कोल्हापुरात अशी गाडी दारात आली की माणसं कामधंदा सोडून बघत उभी राहायची. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, मुंबईचे कायदे आमच्यावर येऊन आदळले होते आणि त्यांत दारूबंदीचा कायदा सगळ्यांत जड होता. ठाण्यातली निम्मी माणसं हातभट्ट्यांच्या मागं धावत होती. उरलेली निम्मी, खोटं कशाला सांगू, तिथलीच गिऱ्हाइकं होती.

मी फौजदार होतो. एके सकाळी हजेरी चालू असताना शहरातले एक बडे व्यापारी स्वतः ठाण्यात आले. रंग-व्हार्निशचं मोठं दुकान, राजारामपुरीत बंगला, दारात काळी कुळकुळीत अमेरिकन गाडी. मी खुर्ची दिली.

"फौजदारसाहेब, माझा ड्रायव्हर सरकारी दवाखान्यात आहे. गडमुडशिंगीला एक बाई भट्टी लावते, तिच्याकडं जाऊन पितो. काल प्याला आणि आज त्याला दिसेनासं झालंय. त्या बाईला सोडू नका."

खबऱ्याला चहा पाजावा लागतो, चार खेटे घालावे लागतात, तेव्हा कुठं तो तोंड उघडतो. हे गृहस्थ न बोलावता आले आणि आरोपीचा पत्ता हातात देऊन गेले. आमच्या धंद्यात फुकटची खबर फार महाग पडते. पण खबर नोंदली की जावं लागतंच. गेलो.

बाईच्या घरामागच्या परड्यात दोन घागरी सापडल्या. पंचनामा लिहीत होतो, तेवढ्यात तिनं घागरीत पेला बुडवला आणि माझ्यादेखत घटाघटा पिऊन टाकला.

"माझ्या दारूनं माणूस गटारात पडतंय, सायेब, आंधळं होत न्हाय," ती म्हणाली. "न्या मला. उद्या सकाळच्याला तुमच्या मिशीतलं पांढरं क्यास मोजून दावतो."

दुसऱ्या दिवशी कोठडीच्या गजांतून तिनं ते मोजलेही. हवालदार भिंतीकडं तोंड करून हसत होता. डॉक्टरांनी तर आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं की ही हातभट्टी नव्हे, हे लाकडी स्पिरिट. पॉलिशवाले वापरतात ते. पोटात थोडं गेलं तरी डोळ्यांवर जातं, आणि गेलेली नजर परत येत नाही.

मी ड्रायव्हरच्या खाटेशी बसलो. तिशीतला गडी, डोळे उघडे, पण बघत कुठंच नव्हता. उशाशी बायको बसली होती. तिनं मला बघून पदर सावरला आणि नवऱ्याला म्हणाली, "फौजदारसाहेब आल्यात. खरं काय ते सांगा."

"प्यालो, सायेब. पर भट्टीची न्हाय. गाडीतली."

मग त्यानं जे सांगितलं ते असं. गुऱ्हाळं सुरू झाली की रस्त्यावर धूर असतो. चुलवाणाची काजळी काचेवर चिकट बसते, नुसत्या पाण्यानं निघत नाही. म्हणून काच धुवायच्या बरणीत तो गाळलेलं पाणी भरायचा आणि वर टोपणभर स्पिरिट घालायचा. मालकांच्या दुकानातलंच, चांगलं, उसाच्या मळीचं.

"टोपणापेक्षा जास्त घालायचं न्हाई. चिळकांडी बॉनेटवर बी उडती आन् रंग जातोय."

बाटलीत उरलेलं स्पिरिट तो पाणी घालून प्यायचा. मालकांच्या ते ध्यानात आलं. मालक ओरडले नाहीत, कामावरून काढलं नाही. बाटली काढून घेतली आणि म्हणाले, आजपासून बरणी मीच भरणार, तू हात लावायचा नाहीस. संध्याकाळी ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं, बरणीला नाक लावलं. स्पिरिटचा वास आला. त्यानं नळी काढून तोंडात धरली.

"चोरीच की ती, सायेब. मी कुठं न्हाय म्हंतोय?"

बरणीत काय आहे ते पंचनाम्यात सिद्ध होईल, पण ते कुणी घातलं हे बरणी सांगणार नव्हती. मी हवालदार आणि दोन पंच घेऊन बंगल्यावर गेलो. मालकांनी आमच्यासाठी सरबत मागवलं.

"बरणीत काय असणार, साहेब? पाणी. ड्रायव्हरच भरायचा. मी कधी हातही लावला नाही."

बरणी त्यांनी रिकामी केली नव्हती. त्यांच्या हिशेबी प्रकरण गडमुडशिंगीला मिटलं होतं. मी गाडीचं कौतुक केलं. ते खरंच होतं, बॉनेटमध्ये तोंड दिसत होतं. तोंड भरून कौतुक केलं की माणूस सैल होतो. ते स्वतःच दार उघडून म्हणाले, बसा की. मी बसलो. समोर चिळकांडीची खुंटी होती. म्हटलं, जरा गंमत बघू, आणि खुंटीवर बोट ठेवलं.

"थांबा! दाबू नका! रंग जाईल!"

मालक अक्षरशः धावत येऊन माझ्या मनगटाला झोंबले. पंच बघत राहिले. मी हात तसाच ठेवून विचारलं, "पाण्यानं रंग जातो होय, मालक?"

इथून पुढं मी त्याला अहो-जाहो करणार नाही. तो पायरीवर बसला आणि बोलू लागला. चोराला अद्दल घडवायची होती. चार दिवस ओकेल, पुन्हा हात लावणार नाही, एवढंच मनात होतं. मी त्याला विचारलं, त्या स्पिरिटच्या डब्यावर कवटी कशासाठी काढलेली असते? दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला तो बजावत होता की लहान मुलांपासून दूर ठेवा.

बरणी सील करून मुंबईला रासायनिक तपासणीसाठी पाठवली. लाकडी स्पिरिट निघालं, निर्भेळ. मला वाटलं, जिंकलो.

कोर्टात त्याच्या वकिलानं एकच प्रश्न विचारला. काच धुवायच्या बरणीत काच धुवायचं स्पिरिट होतं, त्यात गुन्हा कोणता? ते प्या असं कुणी सांगितलं? पायरीवरचा त्याचा जबाब पोलिसापुढचा, म्हणून बाद. पंच म्हणाले, ओरडला खरा, पण काय ओरडला ते नीट ऐकू आलं नाही. दोघांचीही दुकानं मालकाच्याच पेठेत होती. मालक सुटला.

केस मात्र वाया गेली नाही. परवान्याशिवाय मादक द्रव्य प्यायल्याचा गुन्हा ड्रायव्हरवर दाखल करा, असा वरून हुकूम आला. पुरावा तयारच होता. विषप्रयोग सिद्ध करायला मी जो डॉक्टरांचा दाखला मिळवला होता, तोच त्याच्याविरुद्ध लागला. भट्टीवाल्या बाईलाही शिक्षा झाली. ड्रायव्हरला दंड झाला आणि तो मालकानं भर कोर्टात भरला. बाहेर लोक म्हणाले, मालक असावा तर असा. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

ह्या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली आणि पुढं ती खूप उपयोगी पडली. माणसाला सगळ्यांत जास्त जपावंसं काय वाटतं ते शोधा, तिथं बोट ठेवा, तो खरं बोलतो. पण खरं बोलल्यावर पुढं काय होईल, हे आमच्या हातात कधीच नव्हतं. ते शिकायला मात्र नोकरी सरली.

कोर्टाच्या आवारात मी ड्रायव्हरला गाठलं. म्हटलं, अपील कर, वकील मी बघतो. बायकोनं त्याचा हात घट्ट धरला होता.

"नको, सायेब," तो म्हणाला. "मालकांनी माझ्या धाकट्या भावाला गाडीवर घेतलंय. सोमवारपास्नं चालवतोय त्यो."

जाताजाता तो थांबला आणि भलत्याच दिशेला तोंड करून म्हणाला, "त्याला बजावलंय मी. बरणीचं झाकण उघडू नगं म्हणून. काच मळली तर हातानं पूस."