वेलचीमावशीचे भरलेले दात
वेलचीमावशी हसायची तेव्हा तिचे पार दाढेपर्यंतचे दात दिसायचे. वसईजवळच्या पापडीच्या बाजारात ती वेलची केळी विकायला बसे, म्हणून हे नाव. गिऱ्हाइकानं फारच भाव पाडून मागितला, तरी ती रागवायची नाही. तोंड भरून हसायची, आणि गिऱ्हाईकच ओशाळायचं. मी दातांचा दवाखाना काढला तेव्हा म्हणाली, "बाय, माझ्यासारखी मानसं असली तर तुझं कठीन आहे. एक किडका दात दाखव!" खरंच नव्हता.

पुढे तिला घशाचा कॅन्सर झाला. रेडिएशननं तो बरा झाला, पण तोंडातली लाळ आटली. लाळच दात राखत असते. वर्षभरात तिचे दात हिरडीलगत किडायला लागले. काढावेत, तर रेडिएशन दिलेल्या जबड्याची जखम भरून येईलच याची खात्री नाही. मग उरलं एकच, कीड खरवडायची आणि दात भरायचे.

दात भरण्याआधी आतून एक चिकट द्रव लावतात, निळ्या प्रकाशानं तो घट्ट होतो. दाताच्या वरच्या टणक कवचाला तो छान धरतो. हिरडीलगत मात्र ते कवच संपतं आणि पकड कच्ची राहते. कडेला केसाएवढी फट पडते, कीड पुन्हा आत शिरते. मी द्रव बदलले, दातात भरायचं सिमेंट बदललं. मावशीही सांगितलेलं सगळं करायची. गोड सोडलं, रोज फ्लोराइड लावलं, घोटघोट पाणी पीत राहिली. तरी काही महिने गेले की पुन्हा दारात उभी.

"बाय, दात भरतेस की वसईचा रस्ता?"

ती हसायची. मला हसू यायचं नाही.

एकदा मीच तिला मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी माझंच काम उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "हेच करत राहा." परतताना रिक्षात मावशी म्हणाली, "तू हरलीस तरी चालेल गं. फक्त 'आता येऊ नकोस' म्हनू नकोस." माझ्या मनात नेमकं तेच घोळत होतं.

नातवाच्या बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी तिचा पुढचा दात हिरडीजवळून तुटला. रुमालात बांधून घेऊन आली.

"चिकटव ना. उद्या फोटो काढायचेत."

मी तो शेजारच्या दाताला चिकटवून दिला. "चावू नकोस मावशी. जोरात हसूही नकोस."

"किती टिकेल?"

"उद्याचा दिवस जावा."

तिनं आरसा मागितला नाही. मान हलवली आणि गेली.

दात टिकला, चार-पाच दिवस. मग ती आली तेव्हा तो नव्हता आणि आधाराचा शेजारचाही मोडला होता. मी कापूस, ट्रे, सगळं मांडायला घेतलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आज काही करू नको. नुसती बसू दे."

ती खुर्चीत रेलली. मी डोक्यावरचा दिवा बंद केला. बाहेर दोघं-तिघं पेशंट खोळंबले होते. तरी मी हातमोजे काढून ठेवले, स्टूल ओढलं आणि तिच्याजवळ बसून राहिले.