परस्पर दिलेला नकार

वर्ध्यातल्या ज्या दवाखान्यात वडील रक्तदाब तपासायला जात, तिथे दोन हजार सालानंतरच्या दशकात कागदी केसपेपर बंद झाले आणि डॉक्टरच्या टेबलावर संगणक आला. पन्नाशीपुढचा पुरुष समोर बसला की पडद्यावर पिवळी चौकट उमटे. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या तपासणीबद्दल रुग्णाशी बोला, एवढीच तिची सूचना. 'चर्चा झाली' किंवा 'रुग्णाने नकार दिला' यांपैकी एक निवडल्याशिवाय औषधाची चिठ्ठी छापली जात नसे.

वडील एकटे कधी जात नसत. आष्टीचं कापड दुकान त्यांचं आणि मोठेबाबांचं, म्हणजे थोरल्या भावाचं, सामाईक होतं. घराबाहेर बोलायचं ते मोठेबाबांनी, ही रीत दवाखान्यातही चाले. डॉक्टर वडिलांना विचारत, उत्तर मोठेबाबा देत. भूक लागते, झोप येते, मीठ कमी केलं. साठीचा माणूस स्टुलावर बसून भिंतीकडे पाहत राही. डॉक्टरांनाही ते सोयीचं होतं; बाहेर रांग असे.

मी तेव्हा वर्ध्यात एका दैनिकात होतो, म्हणून एका खेपेला सोबत गेलो. चौकट उमटली. डॉक्टर पडद्याकडे पाहतच म्हणाले, "मूत्राशयाखाली एक ग्रंथी असते. तिच्या कर्करोगासाठी रक्ताची तपासणी करता येते. त्याबद्दल बोलायचं होतं."

"त्याले काई त्रास नाई," मोठेबाबा म्हणाले. "धड माणसाले काऊन बिमार करून राह्यले, साहेब? बीपीची गोळी लिवा."

वडिलांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. चिठ्ठी छापून आली.

वडिलांना ती चर्चा हवी होती. शेजारच्या भांड्यांच्या दुकानाचे मालक त्यांचे रोजचे चहाचे सोबती. त्यांची कंबर दुखे. वात समजून घरचे तेल चोळत राहिले. निदान झालं तेव्हा हाच कर्करोग हाडांत पोचला होता. त्यांना खांदा देऊन आल्यापासून वडिलांना एकच जाणून घ्यायचं होतं : आपल्या आत तसं काही असेल, तर ते आधी कळतं का. मला हे बसस्टँडवर कळलं, तेही रागात. मोठेबाबा तिकडे गाडीची चौकशी करत होते.

"जीव माहा," वडील म्हणाले, "अन् नाई तो म्हणते."

पुढच्या खेपेलाही मी सोबत होतो. चौकट आलीच नाही. वडिलांनी स्वतःहून विषय काढला. डॉक्टरांनी पडदा पाहिला. "इथे तुमचा नकार आहे. म्हणून संगणकाने पुन्हा विचारलं नाही."

"मी कवा देल्ला? एक शबूद तरी बोललो का मी?"

"तुमचे भाऊ म्हणाले ना."

"रगत काय भावाचं काढणार होते?"

"आवाज खाली ठेवा."

"मंग इचारा मले. आत्ता."

"येडा झाला का रे?" मोठेबाबा म्हणाले. "ऊठ. गाडी सुटन."

"दादा, तुमी बाहीर बसा."

मोठेबाबा हलले नाहीत. डॉक्टरांनी रुक्षपणे नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगितलं. मी रेंगाळलो, तर वडिलांनी मलाही हाताने दार दाखवलं.

बाहेरच्या बाकावर मोठेबाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तूच भरवलं हे त्याच्या डोक्शात. पेपरवाला."

मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. आत बराच वेळ बोलणं चाललं. रांगेतली माणसं कुरकुरू लागली. वडील बाहेर आले ते प्रयोगशाळेची चिठ्ठी घेऊन.

"कोणाले इचारून?" मोठेबाबांनी विचारलं.

वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "सारं सांगतलं डाक्तरनं. कवा कवा रिपोर्ट वाईट येते अन् आत काईच नसते. कवा असते, पण त्यानं माणूस मरत नाई. उगाच कापाकापी होते म्हणे. तरी देतो मी रगत."

आष्टीच्या गाडीत त्या दिवशी मोठेबाबा एकटेच चढले. वडील माझ्या खोलीवर राहिले.

अहवालात काही निघालं नाही. मोठेबाबांनी विचारलं नाही, वडिलांनी सांगितलं नाही. दुकानाच्या गादीवर दोघं पूर्वीसारखेच शेजारी बसत. पण पुढे दवाखान्यात जायचं असलं की वडील कुणाला न सांगता पहिल्या गाडीने निघत.