विसापूरचा राजवाडा आणि गाठींची सुतळी

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि विसापूरच्या राजवाड्यावरचा त्यांचा मासिकासाठीचा लेख नकाशावाचून अडला. "तू जा आणि मोजून आण," ते म्हणाले. मी शाळेत कधी गेले नाही. वाचन आणि भूमिती वडिलांनीच पाटीवर शिकवली. मी चुकले तर चूक त्यांच्या नावाने छापली जाणार होती.

सोबत मामा होते. पुण्याहून पहिल्या गाडीने मळवलीला उतरलो. स्टेशनाबाहेर चहा मिळतो, पुढे काही नाही. भाकरी बांधून न्यावी. भाजे गावातून वाट करवंदीच्या जाळ्यांतून निघते आणि मग ओढ्यातल्या सुट्या दगडांवरून चढते. आम्हाला अडीच तास लागले, त्यात अर्धा तास मामांच्या दमाचा.

राजवाडा म्हणजे आता बिनछपराच्या भिंती आणि कमरेइतके जोते. पण काम पाहण्यासारखे आहे. जोत्यावर खांबांखालचे दगड ओळीने बसवलेले, प्रत्येकाच्या मधोमध चौकोनी खाच. खांब गेले, खाचांत गवत उगवले आहे. भिंतीत तुळयांची भोके एका रेषेत आहेत, त्यावरून वर माडी होती हे कळते.

अण्णांनी सुतळीला दर फुटावर गाठ मारून दिली होती. मामा टोक धरत, मी लिहीत होते. डावी बाजू दुपारपर्यंत झाली. उजवीकडे भिंतीला टेकून गवताने शाकारलेला गोठा होता. तिथे सुतळी ताणली आणि ती पुढे सरकेना. पाहते तो एक म्हातारी बाई तिच्यावर पाय देऊन उभी.

"दोरी गुंडाळ."

"मावशी, नुसता नकाशा काढतोय," मामा म्हणाले. "पोरीच्या वडिलांना हवाय."

"खालीबी असंच म्हनले. आमच्या वावरात सायबाची दोरी पडली, आन दोन पावसाळ्यांत धरनाचं पानी आलं. गुरं घिऊन हितं आलो. आता हितंबी लावताय व्हय?"

इतक्या उंचावर पाणी येणार नाही, असे मी म्हणाले.

"पानी न्हाई येनार. मानसं येतील."

लेख वाचून कोण वर येईल, हे मला कुठे ठाऊक होते?

मामांनी मला बाजूला घेतले. "राजवाडाच तो. डावं तसंच उजवं. घरी बसून उलटं उतरव, गाडी चुकेल." अण्णांना ते दिसणारही नाही, हे त्यांनी बोलून दाखवले नाही. मला ते ऐकू आलेच.

मी सुतळी गुंडाळून मावशींच्या पायाशी ठेवली. "दोरी नाही लावत. तुम्हीच सांगा, ही बाजू केवढी आहे?"

त्यांनी सुतळी पायाने बाजूला सारली. "माज्या पायानं सांगते. ल्ही."

अनवाणी, मोठ्याने मोजत त्या निघाल्या. वीस झाले की एक खडा टाकायचा. "दोन इसा आन सात," कोपऱ्यावरून त्या ओरडल्या, मी सत्तेचाळीस लिहिले. मी मागून खांबांखालचे दगड मोजत होते. डावीकडे सहा होते. उजवीकडे पाचच निघाले, पुढे भिंत वळत होती. मी मामांकडे पाहिले. त्यांनी टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली.

"ताक प्या, मंग उतरा," मावशी म्हणाल्या. "वाळलं गवात लय निसरडं. मामाला फुडं घाल, पडला तर तुज्यावर नको."

गाडी मिळाली, ती धावत जाऊन.

घरी आकडे वाचून दाखवले. अण्णांनी विचारले, "तिचं पाऊल किती इंच?"

"माहीत नाही."

"डाव्या बाजूनेही चालवायचं तिला. ती बाजू तू फुटांत मोजली होतीस. भागाकार केला की पाऊल निघालं असतं."

"सुचलं होतं."

"मग?"

"तिला न सांगता दोरी लावल्यासारखंच झालं असतं ते."

अण्णांनी कागदावर बोट फिरवले. म्हणाले, "खाली मापं दोन लिही."

मासिकाला असा नकाशा चालेल की नाही, कोण जाणे. डाव्या बाजूखाली मी 'फूट' लिहिले, उजव्या बाजूखाली 'पावले'. विसापूरला जरूर जा. दोरी मात्र घरी ठेवा.